अंगातली अफू

लोधिवलीच्या सुंदराबाईंनी खोपोलीच्या दातांच्या डॉक्टरला बजावलं, "दाढ खुशाल उपट. सुई नाय टोचायची. माझं औषध माझ्यापाशी हाय." उद्याची वेळ घेऊन त्या घरी आल्या आणि हे गावभर सांगून मोकळ्या झाल्या. आता सुई घेतली, तर नाक कापलं जाणार.

आधार वाचनाचा होता. (शाळेची पायरी त्या चढल्या नव्हत्या, पण पुड्यांचे कागद वाचून सरपंचाच्या अर्जातल्या चुका काढण्याइतक्या तयार झाल्या होत्या.) सुक्या बोंबलांच्या कागदावर छापलं होतं: दुखलं की मेंदू एंडॉर्फिन सोडतो. जात अफूची, पण माल घरचा. दुखणं बोथट होतं, मन हलकं होतं. राबलं, खळखळून हसलं, तरी तो सुटतो. दिवसभर चिखलात वाकूनही बाया लावणीला गाणी कशी म्हणतात, हे सुंदराबाईंना तेव्हा उमगलं.

हे त्यांनी कुंपणापलीकडच्या चंद्राबाईला समजावलं. चंद्राबाई एका कानानं बहिरी. "माझ्या अंगात अफू तयार होते" यातलं 'अंगात' तिच्या कानात 'अंगणात' होऊन शिरलं, आणि दुपारपर्यंत पोलीस पाटील धाकलू फावडं घेऊन दारात. मागे अर्धं गाव. वर कळलं तर आपली पाटीलकी जाईल, असं तो खाली बघत म्हणाला.

"अरं, अफू इथं हाय," सुंदराबाईंनी कपाळावर बोट ठोकलं.

"ते दिसतंय, काकी. पण लावलीय कुठं?"

आणि त्यानं अंगणातल्या अळूत फावडं घातलं. सुंदराबाईंनी ते हिसकलं. दांडा सटकून त्यांच्याच तोंडावर बसला आणि दात धाकलूच्या पायाशी पडला.

सुंदराबाईंनी गाल चाचपला. काही दुखत नव्हतं. संतापानं सगळा साठा एका दमात सुटला असावा.

"बघ," पदरानं रक्त टिपत त्या ताठ मानेनं म्हणाल्या, "ना डॉक्टर, ना सुई. लिही तुझ्या वहीत, एंडॉर्फिन." धाकलूला लिहिता येईना, तेव्हा अक्षरं त्यांनीच फोडून सांगितली.

सून शकूनं दात उचलून उजेडात धरला.

"आत्याबाय, ह्यो तर पुढचा, चांगला. किडकी दाढ तिथंच हाय."

तेवढ्यात ठणका परतला.

दुसऱ्या दिवशी सुंदराबाईंनी डॉक्टरकडे स्वतःहून सुई मागितली. घरच्या औषधाचं काय झालं, असं त्यानं विचारलं.

"चांगल्या दातापायी खपलं," त्या म्हणाल्या आणि तोंड उघडून बसल्या.