प्रथिन बांधणीचा जाहीर कार्यक्रम

जगात एकच कचेरी शिस्तीत चालते, आणि ती जिवाणूच्या पोटात आहे. तिथे वरून हुकमाची पट्टी येते. रायबोसोम नावाचा कारकून ती तीन-तीन अक्षरं करून वाचतो. दर तीन अक्षरांना एक हमाल येतो, आपला मणी माळेला जोडून देतो आणि निघून जातो. सेकंदाला पंधरा-वीस मणी; माळ पुरी झाली की तेच प्रथिन. वर हुकूम अजून लिहून व्हायचाय, तोवर खाली काम सुरू झालेलं असतं. (शंका काढणारे जिवाणू असलेच, तर ते साहेब होऊन संपले असावेत.) माळेचा पहिला मणी नेहमी तोच, मेथिओनीन, तोही टोपी घालून. काम झालं की आधी टोपी काढून घेतात, मग बरेचदा त्यालाही. उद्घाटकांच्या बाबतीत माणसांना अजून इतकं पुढारलेलं धोरण जमलेलं नाही.

नारिन नावाच्या डोंगराळ मुलखातल्या एका संस्थेत झुराकान एजे (एजे म्हणजे ताई) अकरा वर्षं याच विषयात गुंतली होती. तिच्या फ्रिजमध्ये एकतीस बाटल्या होत्या, एकतीस उन्हाळी कुरणांवरच्या कुमिसच्या, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या. दर आठवड्याला ताजं दूध घालून तिनं त्यांतले जिवाणू जिवंत ठेवले होते. काही कुरणांवर आता कुणीच जात नाही. तिथले जिवाणू सबंध जगात फक्त या फ्रिजमध्ये.

अशात वरून पत्र आलं. सात जणांचा आयोग येईल. ज्या प्रयोगशाळेचं काम डोळ्यांना दिसणार नाही, ती बंद होऊन तिथे मसाज कक्ष सुरू होईल.

संचालक ओरोझाली बायके (बायके म्हणजे दादा) डगमगले नाहीत. "दिसत नाही म्हणतात ना? मग दाखवू. अख्खी संस्था प्रथिन होईल."

"प्रथिन होऊन काय होणार, बायके?"

"खोली वाचेल, एजे."

अंगणात व्यवस्था झाली. एजे रायबोसोम. उपसंचालक मेथिओनीन, डोक्यावर नमद्याची टोपी, कल्पाक. बाकी कर्मचारी मणी, हातात हात धरून. पट्टीच्या शेवटी थांबायची अक्षरं येतात. तिथे मणी येत नाही, माळ सोडवणारा येतो. त्या कामाला फाटकावरचे ब्याऐंशी वर्षांचे तोलोगोन अक्साकाल (म्हणजे पांढऱ्या दाढीचे वडीलधारे). वडीलधाऱ्यानं दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून दुवा दिली की बैठक मोडते. त्याआधी इथे कुणी हलत नाही. हे सुचलं तेव्हा एजेला स्वतःचं फार कौतुक वाटलं. (ते इथेच संपलं.)

आयोग आला. बायके वरच्या मजल्यावर हुकूम लिहीत होते आणि एकेक कागद खाली पाठवत होते, अगदी जिवाणूंच्या रीतीला धरून. माळ फाटकाबाहेर गेली. त्रेचाळिसाव्या मण्यानंतर आयोगाच्या सातही सभासदांनी, आपल्याकडून हेच अपेक्षित असावं असं समजून, हात दिले. शेवटी थांबायची अक्षरं आली.

अक्साकाल ढिम्म.

"अक्साकाल, तळवे वर करा की!" एजे कुजबुजली.

"जेवलात?"

"नाही अजून."

"मग दुवा काय रिकाम्या पोटाला देऊ? जन्मात असं केलं नाही मी."

"अहो, हे नाटक आहे!"

"नाटक असेल तुझं. दुवा माझी आहे."

पन्नास माणसं हात धरून उभी. बायके धावत खाली आले, चादर अंथरायला लावली. माळ आहे तशी खाली बसली, जेवणापुरते हात सुटले. रोट्या आल्या. अक्साकालांनी पहिला तुकडा मोडला आणि इकडेतिकडे पाहिलं.

"कुमिस कुठाय? पाहुण्यांना पाणी पाजता?"

"झुराकान एजेच्या फ्रिजमध्ये आहे की!" टंकलेखिका जिपारकुल म्हणाली. वरचे कागद खाली आणायच्या कामावर असल्यानं चादरीवर न बसलेली ती एकटीच. ती पळालीसुद्धा.

"बायके, थांबवा तिला! ते प्यायचं नाहीये!"

"एजे, आयोगासमोर हात आखडायचा? शोभतं का?"

रोटी मोडली गेली होती, दुवा व्हायची होती. उठायची सोय नव्हती. एजे बसल्या जागेवरून बघत राहिली. एकतीसच्या एकतीस बाटल्या आल्या. क्रमांक सतरा अक्साकालांनी स्वतःच्या हातानं तिच्यासाठी ओतली. तिला नाही म्हणता आलं नाही. (आंबट, किंचित धुरकट. एवढीच नोंद उरली.) मग दुवा झाली, सगळे उठले.

आयोगाचा अहवाल उत्तम आला: 'काम डोळ्यांना दिसले, जिभेलाही लागले. प्रयोगशाळा कायम ठेवावी.'

"बघ, वाचली की नाही खोली?" बायके म्हणाले.

"खोली वाचली. आतलं सगळं आयोगाच्या पोटात गेलं."

एजेनं कागद ओढला आणि आयोगाच्या सातही सभासदांना लिहिलं.

'आपल्या दौऱ्याच्या संदर्भात. संस्थेची एकतीस नोंदणीकृत जिवाणू-कुळे सध्या आपल्या ताब्यात असल्याचे आढळून आले आहे. तरी सोबतच्या झाकणाच्या डबीत सकाळचा पहिला नमुना संस्थेस परत करावा.'

"एजे, नोकरी जाईल दोघांची," म्हणत बायकेंनी गोल शिक्का मारला.

चार दिवसांत पाच डब्या आल्या, जावक क्रमांकासह. सहाव्या सभासदानं डबी लहान पडल्याचं कळवून दुसरी मागवली. अध्यक्षांकडून टिपण आलं: साहेब दौऱ्यावर असल्याने उपाध्यक्षांचा नमुना त्यांच्या वतीने ग्राह्य धरावा.

नाकाला रुमाल बांधून एजे महिनाभर बसली. नऊ कुळं परत मिळाली. बावीस सरकारजमा.

तुम्ही हसताय. हसा. उद्या तुमच्या दारात गोल शिक्क्याचा कागद आणि झाकणाची डबी आली, तर तुम्ही दोनच गोष्टी विचाराल: किती वाजेपर्यंत पोचवायची, आणि पोचपावती मिळेल ना?