ग्रेडरचं नाक

दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगांत पंजाबरावांसारखा मालाची प्रत ठरवणारा ग्रेडर नाही, असं सगळं गाव म्हणायचं. गाव विसरलं तर पंजाबराव स्वतः आठवण करून द्यायचे! चिमूटभर कापूस बोटांत ओढला की धाग्याची लांबी सांगायचे. बावीस हंगाम त्यांनी याच तोऱ्यात काढले. खोट एकच होती, नाकाची. मधूनच एखादी गाडी आली की सटासट शिंका, डोळ्यांना धारा, आणि घरी बायकोचा, कौसल्याबाईंचा, काढा.

त्या साली तर कहरच झाला. भाव येईल म्हणून लोकांनी वर्षभर घरात दाबून ठेवलेला कुबट कापूस नव्या मालात मिसळून येऊ लागला. पंजाबरावांना शिंकेपुढे जेवण सुचेना. शेवटी नागपूरच्या मुलाने, अश्वजितने, हवा गाळायचं मशीन पाठवलं. पंजाबरावांनी ते ग्रेडिंगच्या खोलीत लावलं, खिडक्या बंद केल्या आणि नमुने आत मागवले. मशीनच्या जाळीतून रोज उशीभर तंतू निघायचे, पण आठ दिवसांत नाक मोकळं! महिनाभर ते न शिंकता गाड्या पास करत राहिले. बोटांना लांबी कळत होती, कापसाचं वय कळत नव्हतं.

महिन्याने सूतगिरणीतून गाठी परत आल्या, पिवळ्या आणि कुबट. जिनिंगचे मालक भगवानरावांनी बोलावलं. पंजाबराव आपल्या बोटांची कीर्ती सांगू लागले तसा मालकांनी हात वर केला.

"बोटं इथं सगळ्याइलेच हाय, पंजाबराव. म्या बावीस वर्षं तुमच्या शिंकेवर भाव ठरवला. तुम्ही शिंकले का माल जुना. ते मशीन घरी न्या. शिंक येत नसंल तं तुम्हीबी घरीच राहा."

पंजाबरावांच्या जिवाला ते फार लागलं. पण पोरीचं, दीपमालाचं, लग्न तोंडावर होतं. दुसऱ्या दिवशी ते उघड्या आवारात उभे राहिले, शेजारी मालक. नेमका त्या दिवशी सगळा माल ताजा. चार गाड्या गेल्या, शिंक नाही. मालकांचा चेहरा उतरत चालला. पंजाबरावांनी पाठ फिरवून खिशातली तपकीर नाकात कोंबली.

पाचवी गाडी फुलसावंगीच्या शंकरसिंगची होती. पंजाबरावांनी बोटांत कापूस ओढला. धागा लांब, रंग दुधासारखा, नंबर एक.

"चांगला हाय ना, भाऊ?" शंकरसिंगने विचारलं.

"लय चांगला हाय," पंजाबराव म्हणाले, आणि शिंकले.

मालकांनी भाव कमी लिहिला आणि खूष होऊन त्यांच्या पाठीवर थाप मारली.