इंजिन बंद, आवाज चालू

विकण्याची कला माझ्या रक्तातच आहे, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. "आज संध्याकाळच्या आत गाडी गेली नाही, तर नाव बदलीन!"

"नाव राहू द्या," ती म्हणाली. "शेड रिकामी करा. उद्या सकाळी माझी शिलाई मशिनं येतायत. सहा! ती काय अंगणात मांडू?"

गाडी म्हणजे आमची कॅम्पर व्हॅन. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आत पलंग, शेगडी आणि वाटीएवढं बेसिन. तिचं मूळचं इंजिन चढ दिसला की म्हशीसारखं बसकण मारायचं. म्हणून दोन वर्षं खपून मी तिच्यात एका आजकालच्या मोटारीचं इंजिन बसवलं होतं. ते मागे, पलंगाच्या बरोबर खाली. आणि आवाज? चालू आहे की बंद, हे काट्यांकडे बघून ठरवावं लागायचं!

दुपारी गिऱ्हाईक आलं. बारीक अंगाचे, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेले गृहस्थ. धंदा पियानो सुरात लावण्याचा.

"माझ्या कानांना फसवता येत नाही हं," ते म्हणाले.

"ऐकायला काही मिळालं, तर ना!" मी हसलो.

पलंगापुढचा पडदा ओढलेला होता. तिथलं कपाट रंगवायचं राहिलं होतं, म्हणून मी तो शहाण्यासारखा तसाच ठेवला. गृहस्थ चालवायला बसले, मी शेजारी. दोन चौक मस्त गेले. मग मागून आवाज आला. घर्रर्र... फुस्स!

"हे काय?"

"रस्ता खराब आहे."

"रस्ता खर्जात बोलत नाही!" गृहस्थांनी गाडी थेट पहिल्या दिसलेल्या गॅरेजात घातली.

मेकॅनिकने मागचं झाकण उघडून लांब पान्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावलं. पेशंटच्या नातेवाइकांकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "इंजिन तुम्ही बसवलंत?"

"हो!"

"तरीच. बंद करा."

मी चावी काढली. घर्रर्र... फुस्स!

मेकॅनिक तीन पावलं मागे सरकला. "साहेब, तीस वर्षं धंद्यात आहे. चावी हातात आणि इंजिन चालू, हे पहिल्यांदाच बघतोय!"

"बॅटरी काढा!" गृहस्थ ओरडले.

बॅटरी काढली. घर्रर्र! मला दरदरून घाम फुटला. सहा मशिनं आणि त्यांच्यामागे उभी बायको डोळ्यांपुढे नाचू लागली. तेवढ्यात इंजिन चक्क शिंकलं! मेकॅनिक आग विझवायचं लाल नळकांडं आणायला धावला.

"झाकण कुणी उघडलं रे? वारा लागतोय!" इंजिन म्हणालं.

पडदा सरकला. पलंगावर आमची आत्या! आमच्याकडेच राहणारी, निवृत्त मुख्याध्यापिका. मशिनांसाठी घरात सामान सरकवण्याचा गोंधळ चालला होता, म्हणून ती गाडीत येऊन झोपली होती.

"आत्या! तू घोरत होतीस?"

"मी घोरत नाही," आत्या बाणेदारपणे म्हणाली.

संपलं सगळं, असं म्हणून मी डोकं धरलं. पण गृहस्थ हात जोडून तिच्यासमोर उभे.

"बाई, तुम्ही कधीपासून झोपला होतात?"

"जेवल्यापासून."

"एवढ्या खड्ड्यांतून?"

"कुठले खड्डे?"

गृहस्थ माझ्याकडे वळले. "सहा वर्षांत मला सलग दोन तास झोप नाही हो! टाचणी पडली, तरी ती कुठल्या सुरात पडली ते कळतं मला. गाडी घेतली!"

"इंजिन पुन्हा एकदा ऐकता?" मी उमेदीने विचारलं.

"इंजिन राहू द्या. गादी हीच देणार ना?"

कागदांवर सह्या झाल्या, बॅटरी परत बसली आणि माझी दोन वर्षांची मेहनत अक्षरशः चूं न करता निघून गेली. मी बायकोला फोन लावला.

"विकली!"

"ते राहू द्या! आत्या कुठे गेल्यात? घर पालथं घातलं मी!"

"माझ्याबरोबर आहे," मी म्हणालो.

आत्याच्या चपला गाडीतच राहिल्या होत्या. म्हणून माझ्या चपला घालून ती पुढे, आणि तिची उशी काखेत मारून अनवाणी मी मागे, असे आम्ही घरी निघालो. लोक वळून बघत होते. बघेनात का! ते गृहस्थ जरा कमी कानाचे असते, तर मी आज गाडीबरोबर आत्यासुद्धा विकून आलो असतो.