अर्धवट दाढेचे परराष्ट्र धोरण

परराष्ट्र धोरणात सातत्य हवे, याविषयी आमच्या देशात एकमत आहे. म्हणूनच प्रत्येक नवे सरकार ते पहिल्या दिवसापासून नव्याने सुरू करते.

आम्हाला दोन बलाढ्य शेजारी आहेत, वरचा आणि खालचा. एका पक्षाचे वरच्याशी मेतकूट, दुसऱ्याचे खालच्याशी. नऊ वर्षांत सरकार सात वेळा बदलले. (आठव्यांदाही पडले होते, पण जेवणाच्या सुट्टीआधी परत आले. ते धरत नाहीत.) परराष्ट्र खात्याचा हेडक्लार्क या नात्याने अख्खे धोरण मी अर्ध्या तासात बदलतो. दालनातला सोफा दुसऱ्या खिडकीकडे फिरवायचा, भिंतीवरचा हस्तांदोलनाचा फोटो बदलायचा, 'ऐतिहासिक मैत्री'च्या भाषणात देशाचे नाव खोडून दुसरे घालायचे, आणि नावडत्या शेजाऱ्याच्या पदव्यांची मान्यता काढून घ्यायची. शेवटचे कलम माझ्या सुपीक डोक्यातले. खर्च शून्य आणि शेजाऱ्याच्या नाकाला मिरच्या! त्यावर मला बढती मिळाली.

माझी मुलगी दातांची डॉक्टर आहे. पदवी वरच्या शेजाऱ्याची. त्यामुळे ती एका सरकारात डॉक्टर असते, दुसऱ्यात नसते. नसते तेव्हा लोकांचे दात बघून नुसती हळहळते.

मतमोजणीच्या दिवशी मी तिच्या खुर्चीत आ वासून पडलो होतो. दाढ कोरून झाली होती, भरायची बाकी होती. तेवढ्यात रेडिओवर निकाल लागला. तिने यंत्र बंद केले.

"बाबा, सरकार गेलं. चूळ भरा आणि उठा."

"अगं, भोक तरी बुजव!"

"'निकाल जाहीर होताच मान्यता रद्द.' परिपत्रकावर सही कुणाची?"

सही माझी. अक्षर तर फारच सुरेख आले आहे.

दुसऱ्या दिवशी नव्या मंत्र्यांपुढे गाल धरून उभा राहिलो. "तत्त्वाचा प्रश्न आहे," ते म्हणाले. (तेही हल्ली एकाच बाजूने चावतात. त्यांचीही दाढ माझ्याच मुलीने गेल्या आठवड्यात कोरली होती, भरायची राहिली.) दातांचे कॉलेज आमच्या देशात नाही, आणि खालच्या शेजाऱ्याकडे शिकलेला दातांचा डॉक्टरही एकही नाही. खालचे आमच्या मुलांना फक्त भाषणकला शिकवतात.

मतदारहो, मला तुमचा भयंकर राग आला आहे, हे स्पष्टच सांगतो. तुम्ही मत दिलेत ते गल्लीतल्या गटारावर झाकण बसावे म्हणून. गटारावर ते अजून बसलेले नाही, माझ्या दाढेवरही नाही. तुम्हाला चार शब्द सुनावायचे होते, पण तोंड उघडले की वारा लागतो.