पियानो आणि सासूबाईंचे गुडघे

पियानोच्या आवाजातलं मला कळत नाही असं या जगात काहीही शिल्लक नाही! वाद्यांच्या दुकानात डिजिटल पियानो विकतो मी. गिऱ्हाईक दारातून आत आलं की नुसत्या चालीवरून सांगतो, हा वाजवणार की वर कपडे वाळत घालणार.

या पियानोंच्या पोटात दोन जातींचे आवाज असतात. एक सॅम्पलचा. कुठल्याशा स्टुडिओत खराखुरा लाकडी पियानो ठेवून कोणीतरी एकेक पट्टी हळू, मध्यम, जोरात अशी वाजवतो आणि ते सगळं टिपून घेतात. आपण पट्टी दाबली की तो टिपलेला आवाज येतो. दुसरा मॉडेलचा. त्यात टिपलेलं काहीच नसतं! हातोडी पडली तर तार कशी थरथरेल, लाकूड कसं घुमेल, याचं गणित यंत्र तिथल्या तिथे करतं आणि आवाज घडवतं.

"गणितानं कधी गाणं होतं का? अस्सल ते अस्सल! सॅम्पलच घ्या," हे माझं ठरलेलं वाक्य. आमच्या घरच्या पियानोत दोन्ही आवाज आहेत, पण मॉडेलच्या बटणाला मी कोणाला हात लावू देत नसे.

घरी वाजवते ती माझी बायको. आणि काय वाजवते! भांडण अर्धं झालेलं असताना ती पियानोवर जाऊन बसली, तर मी कशावरून भांडत होतो तेच विसरतो. एका नाचाच्या शाळेला साथीला वाजवणारी हवी होती. एक धून रेकॉर्ड करून आज संध्याकाळपर्यंत पाठवा, असं तिथल्या बाईंनी सांगितलं होतं. बायकोला ही नोकरी जीव तोडून हवी होती. इतकी वर्षं ऑफिसात तिची बोटं की-बोर्डवरच चालली, पण चुकीच्या!

"रेकॉर्डिंगचं माझ्यावर सोड!" मी छाती फुगवून म्हणालो.

मी फोन मांडला. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या. धून रंगली. शेवटी एक अगदी हलका सूर येतो आणि विरत जातो. तो सूर आला आणि पाठोपाठ आलं... कुर्रर्र!

"काय वाजलं?" बायको दचकली.

"स्टूल! दुसरं काय?"

मी स्टुलाला तेल घातलं. सांध्यांना घातलं, स्क्रूंना घातलं, आणि थोडं बैठकीवरही सांडलं असावं. कारण बायको ऐटीत बसली आणि सुळ्ळकन पियानोखाली गेली!

"अरे, तू मला नोकरी लावतोयस की हाडवैद्याकडे नेतोयस?"

मग जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणली. धून पुन्हा पहिल्यापासून. शेवटचा सूर, आणि कुर्रर्र! आता मी डोळे बारीक केले. शेवटच्या सुराला सासूबाई लेकीला शाबासकी द्यायला उठत होत्या. दोन्ही वेळा!

"आई," मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हणालो, "तुमचे गुडघे..."

"काय झालं माझ्या गुडघ्यांना?"

"वाजतात."

"जावईबापू! याच गुडघ्यांनी जिने चढून मी हिला पियानोच्या क्लासला नेत होते. तेव्हा नाही वाजले ते!"

"फक्त या धुनेपुरतं स्वयंपाकघरात बसता का?"

त्या ताठ मानेनं गेल्या. जाताना गुडघे अजिबात वाजले नाहीत, पण ते मी मनावर घेतलं नाही.

तिसऱ्यांदा, कुर्रर्र!

"आई, हलू नका हो!"

"मी श्वाससुद्धा घेत नाहीये!" आतून आवाज आला.

शेवटी मी त्यांना दाराबाहेर जिन्यात बसवलं. शेजारीण विचारत होती, "अहो, अशा बाहेर का?" आणि सासूबाई साऱ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या, "माझे गुडघे पियानोला आडवे येतात म्हणे!"

दार बंद. पंखा बंद. धून झाली. कुर्रर्र!

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "राहू दे. ही नोकरी माझ्या नशिबातच नाही," ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं. ती उठून उभी राहिली आणि जाता जाता तिनं ती शेवटची पट्टी हलकेच दाबली.

कुर्रर्र!

ती थांबली. पुन्हा दाबली. कुर्रर्र! मग पियानोचा आवाज पार बंद करून दाबली. काही नाही. आवाज वाढवला, कुर्रर्र!

"अरे, हे पियानोतूनच येतंय!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या स्टुडिओत नेमका तो हलका सूर वाजवताना त्या वाजवणाऱ्याची खुर्ची कुरकुरली होती, आणि सुराबरोबर तीही टिपली गेली होती. अस्सल ते अस्सल, खुर्चीसकट!

"म्हणजे आवाज बंद केला की माझे गुडघे बरे होतात?" सासूबाई दारात उभ्या होत्या.

बायकोनं मॉडेलचं बटण दाबलं.

"अगं, पण ते गणित..."

"तू गप्प बस!"

ती वाजवू लागली आणि मी खरंच गप्प बसलो. एक सूर लागला की बाकीच्या तारा मागून गुणगुणत होत्या. तारा कुठल्या? आत एकही तार नव्हती! तिनं बोट अलगद टेकवलं की सूर अलगद यायचा, जरा जीव ओतला की भरून यायचा. शेवटचा सूर विरत विरत गेला, कुठे संपला तेही कळलं नाही. ज्यानं कोणी हे गणित मांडलं त्याच्या पाया पडावंसं वाटलं. आणि वाजवणारीच्याही, पण घरात सासूबाई होत्या.

हेच रेकॉर्डिंग पाठवलं आणि संध्याकाळी नाचाच्या बाईंचा फोन आला. बायकोनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"सोमवारपासून या! शेवटचा सूर ऐकून मुली नाचायच्याच थांबल्या. बरं, आम्हालाही असाच पियानो घ्यायचाय. सॅम्पलवाला घ्यावा की मॉडेलवाला?"

मी घसा खाकरला. पण सासूबाई फोनपाशी आधी पोचल्या.

"मॉडेलच घ्या हो! आमच्या घरात एक सॅम्पल आहे. दिसायला बरं आहे, पण उठसूट कुरकुरतं आणि खापर दुसऱ्यावर फोडतं!"

"अगंबाई! मग दुकानात परत का नाही देत?"

"रोज सकाळी पाठवतो," बायको म्हणाली, "संध्याकाळी परत येतं!"