गोळेकाकांच्या दारातला डबा

गोळेकाकांकडे गाणं ऐकायला जायचं म्हणजे आधी दारातच झडती व्हायची. अमेरिकेत, शॉमबर्गच्या त्यांच्या घरात शिरलं की डाव्या हाताला एका स्टुलावर पोळ्यांचा मोठा स्टीलचा डबा ठेवलेला असे आणि त्यात मफलरची घडी. बूट काढून झाले की पुरुषांनी किल्ल्या, घड्याळ आणि खिशातली नाणी त्या डब्यात ठेवायची आणि बायकांनी बांगड्या. मफलर अशासाठी, की ठेवतानाही आवाज होऊ नये.

माझ्या सासूबाई नागपूरहून आल्या होत्या, त्यांनी साफ नकार दिला. "सवाष्णीनं हात मोकळे ठेवायचे नसतात!" काकांनी वाद घातला नाही. आतून दोन नॅपकिन आणले, त्यांच्या मनगटांना गुंडाळले आणि वरून रबरबँड लावले. सासूबाई पुढचा तासभर हात भाजल्यासारख्या बसून होत्या. परतताना गाडीत मला म्हणाल्या, "माणूस हुशार दिसतो, पण घरात कुणीतरी हवं होतं."

घरात कुणी नव्हतं हे खरं. काका आमच्याच ऑफिसात सीनियर इंजिनिअर, वय छप्पन्न-सत्तावन्न, लग्न राहून गेलेलं. कारण विचारलं तर म्हणायचे, "बायको आली की सोफा येतो, आणि सोफा आला की खर्ज मेला." हॉलमध्ये एकच खुर्ची होती. तिच्या चारही पायांच्या जागा कार्पेटवर पांढऱ्या टेपनं आखलेल्या. समोर कपाटाएवढे दोन स्पीकर, मध्ये व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आणि भिंतींवर, जिथे लोक निसर्गचित्रं लावतात तिथे, कऱ्हाडहून आणलेल्या गोधड्या. आवाज भिंतीवरून उलटून येऊ नये म्हणून.

त्या खुर्चीत पाहुण्यांना आळीपाळीनं बसवलं जाई. न्हाव्यासारखं दोन्ही हातांनी डोकं धरून काका ते नेमकं मधोमध आणत आणि म्हणत, "आता हलायचं नाही." फ्रिजची घरघर नको म्हणून फ्रिज बंद. घर तापवणाऱ्या फर्नेसची नको म्हणून फर्नेस बंद, तेही जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना. बरं, कोट घालून बसावं, तर "कोट आवाज खातो" म्हणून कोटही बाहेर. खायला शिरा किंवा केळं. चिवड्याला त्या घरात मज्जाव होता.

आणि सगळं झालं की तोंडी परीक्षा. "काय ऐकू आलं?"

"छान वाटलं, काका."

"छान हे उत्तर नाही. छान तर गाडीतला रेडिओपण लागतो. तबल्याची शाई ऐकू आली का? गवई श्वास कुठे घेतो ते कळलं?"

आमच्या मराठी मंडळातले लोक पुढे पुढे त्यांना टाळायला लागले. मी मात्र जात राहिलो. एक तर मला त्या माणसाचा लळा लागला होता, आणि दुसरं म्हणजे आमच्या घरी माझ्या मताला इतकं महत्त्व कुणी देत नव्हतं.

दरवर्षी त्यांच्याकडे काहीतरी बदललेलं असे. कधी रेकॉर्डप्लेअरची सुई, कधी वायर, एकदा तर स्पीकरच. नवीन वस्तू जोडली की ते टेपचं एक जुनं स्पूल लावत, स्वतः खुर्चीत बसत आणि डोळे मिटून ऐकत. मग मान हलवत. "अजून नाही. झाकोळलंय." तिसऱ्या वर्षी मी विचारलंच, की त्यात शोधताय तरी काय?

"आईच्या बांगड्या," काका म्हणाले.

ते अमेरिकेला निघाले त्या आठवड्यात, काका सांगू लागले, शेजाऱ्यांनी टेपरेकॉर्डर आणला होता. वडील भजन म्हणायला बसले. आई आत स्वयंपाकघरात होती. तिचा आवाज कुणी टेप केला नाही, तिला गा म्हणणार कोण? पुढच्याच वर्षी ती गेली. या टेपमध्ये मागे तिच्या बांगड्या वाजतात, तेवढंच तिचं राहिलंय. "पूर्वी साध्या मशीनवर ऐकू यायच्या रे! आता एवढं सगळं जोडूनही बुडत चालल्यात. सिस्टिममध्ये कुठेतरी लॉस आहे. तो सापडला पाहिजे."

त्यानंतर एका रविवारी दुपारी नवा अ‍ॅम्प्लिफायर आला म्हणून त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. शुभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मुकाट्यानं बांगड्या डब्यात काढल्या आणि भिंतीला टेकून बसली. तिला या प्रकाराचा मनस्वी कंटाळा, पण टेपमधल्या बांगड्यांचं मी तिला सांगितलं होतं. काकांनी खुर्चीत बसून स्पूल लावलं. वडिलांचा खडा आवाज खोलीत भरला. काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "नाही. यातपण नाही."

"काय नाही?" शुभा म्हणाली. "बांगड्या मस्त ऐकू येतायत की. त्या भाकऱ्या थापतायत."

काकांनी डोळे उघडले. "कोण?"

"तुमच्या आई. ऐका ना, थाप, थाप, मग परात फिरवतायत. मला इथूनसुद्धा येतंय." मग तिनं बोट वर केलं. "आता थांबल्या. इथे तान आली ना, म्हणून हात थांबवलाय. गाणं ऐकतायत."

मलाही स्पष्ट ऐकू येत होतं. मी काकांकडे बघायचं टाळलं. स्पूल संपलं, शेपूट फटफट वाजत राहिलं, तरी ते उठेनात. मग एकदम हसले. "म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर चांगला आहे म्हण की! बिघाड इकडे आहे." आणि त्यांनी स्वतःच्या कानावर टिचकी मारली. इतकी वर्षं या इंजिनिअरनं घरातला एकूण एक पार्ट तपासला होता, तेवढे दोन सोडून. मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं.

निघताना दारात ते शुभाला म्हणाले, "ती थांबायची, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तिला ऐकायला कधी वेळच नसतो."

पुढच्या रविवारी आम्ही न बोलावता गेलो. शुभा सवयीनं बांगड्या काढायला लागली, तर काकांनी डब्यावर झाकण घातलं.

"तुझ्या राहू देत."

त्यांनी तिला खुर्चीत बसवलं. डोकंबिकं धरलं नाही. स्वतः खाली, खुर्चीच्या हाताशी, कार्पेटवर मांडी घालून बसले. स्पूल सुरू झालं. जरा वेळानं शुभाचा हात खुर्चीच्या हातावर पडायला लागला. पलीकडे जशी थाप पडत होती तशीच, आणि प्रत्येक थापेला तिच्या काचेच्या बांगड्या वाजत होत्या. काकांनी कान तिच्या मनगटाजवळ नेला होता.

तान आली. शुभाचा हात वरच्या वर थांबला.

"ऐकत्येय," काका हळूच म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी आम्हाला काही विचारलं नाही.