तीन साक्षीदार आणि पांढरे ससे

"या खुर्चीत बसून आजवर कोणी खोटं बोलू शकलेलं नाही," असं आमचे चष्मेवाले खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून सांगत. ते सांगताना त्यांचा आवाज इतका खोल जाई की ऐकणाऱ्याला ती डोळे तपासायची खुर्ची न वाटता न्यायासन वाटावं. माणूस आरशापुढे खोटं बोलतो, फोटोत बोलतो, पण अंधाऱ्या खोलीत नाकावर ती जड चौकट चढली की त्याचा इलाज चालत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. मग एकामागून एक भिंग सरकवायचं आणि शांतपणे विचारायचं, "हे बरं, की हे?" पुन्हा, "आता हे, की हे?" धुकं विरत जातं आणि पहाटे गाव दिसू लागावं तसं खरं उत्तर आपोआप उभं राहतं.

सातवीतल्या लेकीचं हिवाळी शिबिर याच पद्धतीने निवडायचं, असं त्यांनी एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं. दोन भिंगांतलं एक निवडणं आणि दोन शिबिरांतलं एक निवडणं यात फरक तो काय?

जाहीर करायची वेळ आली होती, कारण निवड बायकोच्या हाती अडकून पडली होती. बाईंचं औषधांचं दुकान. गोळ्यांच्या पाकिटावरची, मुंगीने पाऊल उमटवल्यासारखी अक्षरं वाचण्यात त्यांची हयात गेलेली. त्या कोणतंही माहितीपत्रक खालून वर वाचत, म्हणजे आधी बारीक अक्षरं आणि मग मथळा. परिणामी त्यांना प्रत्येक शिबिरात उपाय कमी आणि दुष्परिणाम अधिक दिसत. यंत्रमानव शिबिरात पोरं वस्तू उघडायला शिकतात, मिटवायला नाही. नाट्यशिबिराची घरात गरज नाही, आहे तेवढं पुरे आहे. आणि नेतृत्वविकास शिबिराचं पत्रक तर त्यांनी दोन बोटांत धरून बाजूला ठेवलं.

"हिला आणखी नेतृत्व शिकवलं, तर आपण दोघांनी जायचं कुठे?" त्या म्हणाल्या.

शेवटी पत्रकांचा गठ्ठा नवऱ्याकडे सरकवत त्यांनी अट घातली. आज तुमच्या दुकानाचं शटर खाली येण्याआधी काय ते ठरवा. ठरलं नाही, तर ताईंना फोन करते.

हे ऐकताच टेबलाशी बसलेली लेक आणि तिचे बाबा, दोघंही एकदम ताठ बसले.

ताई म्हणजे चष्मेवाल्यांची थोरली बहीण, लेकीची आत्या. शाळेतून निवृत्त झालेली खेळाची शिक्षिका. शाळेने तिला निरोप दिला, पण गळ्यातली शिट्टी परत मागायचं धाडस कोणाला झालं नाही. गेल्या हिवाळ्याची सुट्टी लेकीने आत्याकडे काढली होती. पहाटे शिट्टी, दात घासायला शिट्टी, दूध संपवायला शिट्टी. एक वाजली की पळायचं, दोन वाजल्या की थांबायचं. तीन वाजल्यावर काय करायचं हे कळायला कोणी जागेवर उरतच नसे. अंगात बारा महिने तोच भगभगीत नारिंगी ट्रॅकसूट. परत आल्यावर कित्येक आठवडे उकळी फुटून किटलीने शिट्टी दिली की पोरगी सावधानमध्ये उभी राही. आणि खरं सांगायचं तर तिच्या शेजारी तिचे बाबाही उभे राहत, कारण त्यांचं सगळं बालपण त्याच शिट्टीखाली गेलं होतं.

"बाबा, काहीही कर," दुकानाकडे जाताना लेक म्हणाली, "पण आत्या नको."

"तू फक्त खुर्चीत बस," बाबा म्हणाले.

आता इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. सुट्टी लागली की लेकीचे डोळे तपासायचे, हा घरचा नियम होता. लहान मुलांचे डोळे तपासायचे तर आधी थेंब घालून बाहुल्या मोठ्या कराव्या लागतात. चष्मेवाल्यांनी विचार केला, आलीच आहे तर तेही उरकून घेऊ. खुर्चीत बसवली, थेंब घातले, डोळे मिटायला सांगितले. त्या थेंबांनी जवळचं सगळं तासन्‌तास पुसट दिसतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण माणसाचं ठाऊक असणं आणि आठवणं यांच्या वाटा नेहमी एकमेकींना भेटतातच असं नाही. याच चष्मेवाल्यांनी दुकानाच्या कोपऱ्यात, थेंब घालून बसलेल्यांचा वेळ जावा म्हणून, वर्षानुवर्षं मासिकं ठेवली होती. लोक ती आदराने उघडत, आदराने पानं उलटत. एकानेही कधी तक्रार केली नव्हती.

त्या दिवशीही कोपऱ्यात एक निवृत्त न्यायाधीश थेंब घालून बसले होते. हातातल्या मासिकाचं एक पान त्यांनी बराच वेळ गंभीर चेहऱ्याने धरून ठेवलं होतं.

थेंबांचा अंमल पुरता चढेपर्यंत मोकळा वेळ होताच. चष्मेवाल्यांनी पत्रकं उचलली, दोन हातांत दोन धरली आणि लेकीच्या नाकासमोर नेली.

"हे बरं, की हे?"

लेकीला दोन ढग दिसले. एक नारिंगी, एक राखाडी. दिसत नाही म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण दिसत नाही म्हटलं की परीक्षा उद्यावर जाणार, उद्यावर गेली की शटर पडणार आणि शटर पडलं की आत्या. तिने क्षणार्धात स्वतःची पद्धत तयार केली: ज्यात नारिंगी रंगाचा ठिपकाही असेल, ते नको.

"दुसरं."

"छान. आता हे, की हे?"

"पहिलं."

उत्तरं अशी धडाधड येत होती की चष्मेवाल्यांचा ऊर भरून आला. आईच्या हाती दोन आठवडे लोंबकळलेली गोष्ट इथे पानगळीसारखी अलगद सुटत होती. एकेक पत्रक जमिनीवर पडत गेलं आणि अखेरीस हातात एकच राहिलं. हिरव्या रंगावर पांढरे गोल ठिपके. वर टपोऱ्या अक्षरांत मथळा: 'निसर्गाच्या कुशीत'.

"हेच," लेक म्हणाली. आणि निवड खरी वाटावी म्हणून तिने पुस्ती जोडली, "यात ससे आहेत."

चष्मेवाल्यांनी पत्रक स्वतःकडे वळवलं.

इथे दुसरी गोष्ट नमूद करायला हवी, आणि ती जरा नाजूक आहे. अर्ध्या गावाला चाळिशीचा चष्मा लावणाऱ्या या माणसाला स्वतःला चाळिशी लागली होती. तो मात्र ती दुसऱ्यांना होणारी गोष्ट समजत असे. वर्तमानपत्र तो हल्ली इतक्या लांब धरत असे की समोर बसलेल्याला ते विनासायास वाचता यावं. आता त्याने पत्रक लांब नेलं, आणखी लांब नेलं, आणि मग हात संपले. मथळा दिसत होता. मथळ्याखालची अक्षरं राखेच्या रेघांसारखी होती. हिरवळीवर पांढरं काहीतरी होतं खरं.

"हो," चष्मेवाले म्हणाले. "ससेच."

बाबांनाही ससे दिसले, हे पाहून लेक चकित झाली. म्हणजे आपला अंदाज बरोबर होता. तिला धीर आला.

"केवढे आहेत."

"गुबगुबीत," बाबा म्हणाले.

"तो एक बघ, बाजूला उभा आहे. सगळा पांढरा."

"मागच्या पायांवर. सावध झाले की ते असे उभे राहतात."

"त्याच्या गळ्यात काहीतरी आहे, बाबा."

"पट्टा असणार. पाळीव आहेत ना."

एवढ्यात कोपऱ्यातून खाकरल्याचा आवाज आला. परवानगी असेल तर आपणही पाहू इच्छितो, असं न्यायाधीश म्हणाले. त्यांनी पत्रक हाती घेतलं, नाकाजवळ नेलं, दूर नेलं, मान तिरकी केली.

"ससे आहेत," त्यांनी निर्णय दिला. "शंकेला जागा नाही."

तिघांपैकी एकालाही काही दिसत नव्हतं आणि तिघांनाही एकमेकांमुळे स्पष्ट दिसत होतं. जगातल्या किती तरी ठाम गोष्टी अशाच उभ्या असतील; पण तो विषय मोठा आहे आणि चष्मेवाले तोपर्यंत फोन लावत होते. दूरध्वनीचा क्रमांक सुदैवाने मथळ्याएवढाच टपोरा होता.

पलीकडे शिबिराच्या कचेरीतल्या एक हसऱ्या बाई होत्या. जागा आहेत, त्या म्हणाल्या; थंडीच्या नावाने माणसं घाबरतात, म्हणून असतातच. चष्मेवाल्यांनी विचारलं, मुलांना त्यांना हातात धरता येतं ना?

"सुरुवातीला आम्हीच हात धरतो," बाई म्हणाल्या. "मग हळूहळू सोडून देतो."

हे चष्मेवाल्यांना फार आवडलं. प्राण्यांना असंच मोकळं सोडायला हवं.

"चावत वगैरे नाहीत ना?"

"थंडी तेवढी चावते," बाई खळखळून हसल्या. "आई येणार की बाबा?"

पोचवायलाच ना? चष्मेवाल्यांनी छाती पुढे काढली. आईला तिच्या दुकानातून सवड नसते, बाबाच येतील. बाई भारावून गेल्या. बाबा मंडळी बहुधा टाळतात हो, त्या म्हणाल्या. आणि पहाटे निघायचं, ते चालेल ना? पहाट तर आपला आवडता प्रहर, असं चष्मेवाल्यांनी ठोकून दिलं. मग बाईंनी दोन टोप्या राखून ठेवते म्हणून सांगितलं. थंडीत सशांबरोबर खेळायला टोपी लागणारच, आणि दुसरी बहुधा हरवली तर म्हणून. किती काळजी घेतात लोक, असं त्यांना वाटलं. नावं नोंदली गेली आणि फोन ठेवला गेला.

शटर अर्ध्यावर आलं तेव्हा बायको आत शिरली. चष्मेवाले तपासणीच्या खुर्चीत स्वतःच रेलून बसले होते, विजयी सेनापतीसारखे. लेक शेजारी उभी होती. न्यायाधीश अजून घरी गेले नव्हते. रस्ता स्पष्ट दिसेपर्यंत थांबतो म्हणत होते. तिघांनी मिळून सशांची हकिगत सांगितली. बाईंनी पत्रक घेतलं आणि सवयीने खालून वर वाचायला सुरुवात केली.

त्यांच्या भुवया हळूहळू वर जात राहिल्या.

"ससे कुठे आहेत?"

तिघांनी तीन बोटं ठेवली.

"अहो, ही माणसं आहेत," बाई म्हणाल्या. "तळ्यात. पांढऱ्या टोप्या घालून पोहतायत."

तिन्ही बोटं हळूच मागे गेली. मग बाईंनी औषध कसं घ्यायचं ते गिऱ्हाइकाला समजावतात त्या सुरात बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. पहाटेच्या अतिथंड पाण्यात पोहण्याचं शिबिर. शरीर व मन कणखर करणारं. आणि सगळ्यांत खाली, कोपऱ्यात: प्रत्येक मुलासोबत घरातील एक वडीलधारी व्यक्ती पाण्यात उतरणं आवश्यक.

"मी माझा निर्णय मागे घेतो," न्यायाधीश म्हणाले, आणि भिंतीला हात लावत लावत निघून गेले.

चष्मेवाले म्हणाले, दुकान बंद ठेवता येणार नाही. बायको म्हणाली, तिचंही बंद ठेवता येणार नाही. हिवाळ्यात सगळं गाव खोकतं. नाव काढून घ्यावं, तर आजची मुदत संपत आली होती आणि दुसरं काही ठरलेलं नव्हतं. बाई पुन्हा पत्रकाकडे पाहू लागल्या. चित्र त्यांनी जरा डोळ्यांजवळ नेलं आणि अचानक थबकल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "ताई तर—"

लेकीने बाबांकडे पाहिलं. थेंबांनी पसरलेल्या तिच्या बाहुल्या त्या क्षणी इतक्या मोठ्या होत्या की डोळ्यांत दुसरं काही उरलंच नव्हतं. दोन काळ्या विहिरी आणि दोन्हींच्या तळाशी एक छोटासा, केविलवाणा बाप. चष्मेवाल्यांनी असे हजारो डोळे पाहिले होते. त्यांतला एकही त्यांच्याकडे असा पाहत नव्हता.

"ताईला फोन करायचा नाही," ते बायकोचं बोलणं तोडत म्हणाले. "मी उतरतो पाण्यात. दुकान बंद राहील. माझी मुलगी यंदा शिट्टीवर उठणार नाही, म्हणजे नाही."

लेक बाबांच्या गळ्यातच पडली. बायकोने उघडलेलं तोंड मिटलं. काही बोलावं की नाही याचा तिने थोडा विचार केला आणि न बोलण्याचे दुष्परिणाम कमी आहेत, असं बहुधा ठरवलं. मग पर्समधून तिने चष्म्याची एक डबी काढून नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. उन्हाळ्यातच करून आणलाय, ती म्हणाली, पलीकडच्या गल्लीतल्या दुकानातून. घालून बघा, आता तरी.

पलीकडच्या गल्लीतलं दुकान! हा घाव खोल होता. पण आज प्रतिकाराचं बळ नव्हतं. त्यांनी चष्मा चढवला आणि पत्रक साध्या, माणसासारख्या अंतरावर धरलं.

जग एकदम जवळ आलं. तळ्यावरची प्रत्येक लाट दिसली. टोप्यांखालचे चेहरे दिसले, निळसर ओठांचे. आणि काठावर, मागच्या पायांवर उभी असलेली ती पांढरी आकृती दिसली. नारिंगी ट्रॅकसूटवर पांढराशुभ्र टॉवेल गळ्यापासून घोट्यापर्यंत गुंडाळलेला. गळ्यात दोरी, दोरीला शिट्टी. खाली नाव छापायची गरज नव्हती, तरी छापलं होतं, आणि नावापुढे: मुख्य प्रशिक्षिका.

चष्मेवाल्यांनी मान वर केली. बायको दिव्याकडे पाहत होती.

"बाबा," लेकीने आनंदाने विचारलं, "तो उभा होता, तो कोण आहे? मला अजून नीट दिसत नाहीये."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसला, घडी घालून डबीत ठेवला.

"ससाच आहे, बाळा," ते म्हणाले. "पाळीव."

आणि हे ते त्याच खुर्चीत बसून म्हणाले.